घाट बंद, एसटी नाही: लॉजिकवाल्या एआयबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो होतो की एआयच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत एक मोठा गट तर्कशास्त्र घेऊन बसला होता, मशीनला नियम सांगायचे आणि त्यातून तिने स्वतः निष्कर्ष काढायचे असं त्यांचं म्हणणं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. सगळी छापणं शक्य नाही, पाच निवडलीत.

सर, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयच्या पेपरला प्रेडिकेट लॉजिक आणि रेझोल्यूशनचं एक अख्खं युनिट आहे, वर्गात ते दोन तासांत उरकलं. रेझोल्यूशन नक्की करतं काय तेच कळलं नाही. आणि आता सगळं न्यूरल नेटवर्कवर चालतं तर हे शिकायचं कशाला? — एक विद्यार्थिनी, नाशिक

आधी रेझोल्यूशन, म्हणजे मशीनने सिद्धता शोधायची एक रीत, कारण ते खरंच सुंदर आहे आणि ते दोन तासांत उरकलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समजा आपल्याकडे तीन गोष्टी आहेत. जोराचा पाऊस झाला की घाट बंद होतो. घाट बंद झाला की एसटी येत नाही. आणि काल रात्री जोराचा पाऊस झालाय. सिद्ध काय करायचंय, तर एसटी येणार नाही. आता तुम्ही-मी सरळ पुढे जाऊ, पाऊस म्हणून घाट बंद, घाट बंद म्हणून एसटी नाही. रेझोल्यूशन उलटीकडून येतं. ते म्हणतं, बरं, एसटी येते असं धरून चालू आणि कुठे अडतंय ते बघू. आणि प्रत्येक 'तर' वालं वाक्य ते 'किंवा' मध्ये बदलून घेतं: 'पाऊस झाला नाही किंवा घाट बंद आहे', 'घाट बंद नाही किंवा एसटी येत नाही'. मग दोन वाक्यं घ्यायची, एकात एखादी गोष्ट आहे आणि दुसऱ्यात तिचाच नकार आहे अशी, ती जोडी खोडायची आणि उरलेलं एकत्र लिहायचं. 'एसटी येते' आणि 'घाट बंद नाही किंवा एसटी येत नाही' यातून उरलं 'घाट बंद नाही'. ते पहिल्या नियमाशी भिडवलं, उरलं 'पाऊस झाला नाही'. आणि ते 'पाऊस झाला'शी भिडवलं तर काहीच उरत नाही, रिकामं वाक्य. रिकामं आलं म्हणजे आपण धरून चाललेली गोष्टच चुकीची, एसटी येत नाही. झालं सिद्ध.

एकच नियम, पुन्हा पुन्हा तोच, आणि मशीनला नेमकं हेच हवं असतं. जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यांनी हे १९६५ साली मांडलं. त्याआधीचे प्रोग्रॅम 'प्रत्येक घाटासाठी' असं वाक्य आलं की सगळे घाट एकेक करून घालून बघायचे आणि त्यातच बुडून जायचे, रॉबिन्सननी सांगितलं की आधी घालूच नका, दोन वाक्यं जुळायला जेवढं भरावं लागेल तेवढंच भरा, याला युनिफिकेशन म्हणतात. परीक्षेत युनिफिकेशनला दोन मार्क असतात पण खरी अक्कल तिथे आहे.

यात अडचण कुठे, तर सिद्धता असेल तर ती कधी ना कधी सापडते एवढीच खात्री मिळते, नसेल तर मशीन कायमची शोधत बसू शकते. कायमची हा शब्द मी जपून वापरतोय, अलोन्झो चर्च आणि अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की प्रत्येक वेळी हो किंवा नाही सांगून थांबेल अशी रीत असूच शकत नाही. आणि सापडणारी असली तरी वाटा किती! प्रत्येक पायरीला दहा पर्याय धरले तर दहाव्या पायरीला १००० कोटी वाटा होतात. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांचा रिपोर्ट आला त्यात एआयवर याच वाढीवरून जोरदार टीका होती आणि तिथलं एआयचं काम त्यानंतर खूप आटलं.

आता शिकायचं कशाला. रॉबिन्सन उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबमध्ये काम करायचे, रेझोल्यूशन तिथल्या कामातून निघालं. १९९६ मध्ये त्याच लॅबमध्ये विल्यम मॅक्यून यांच्या प्रोग्रॅमने रॉबिन्स कंजेक्चर नावाचा प्रश्न सोडवला, जो १९३०च्या दशकापासून गणितवाल्यांना सुटत नव्हता, मशीन आठएक दिवस चालली आणि सिद्धता बाहेर आली, जी माणसाने ओळ अन् ओळ तपासून बघितली. हे 'तपासून बघितली' तुम्ही लक्षात ठेवा. १९९४ मध्ये पेंटियम चिपमध्ये भागाकार चुकतो हे सापडलं आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला, त्यानंतर चिपची गणितं तर्काने सिद्ध करून घेण्यावर कितीतरी जास्त भर आला. जिथे 'बहुतेक बरोबर' चालत नाही तिथे आजही हेच लागतं. युनिट नीट करा, स्वतःच्या हाताने पाच उदाहरणं सोडवा.

तर्काने सिद्धता काढणारा पहिला प्रोग्रॅम कोणता? माझा नातू म्हणतो डार्टमथच्या परिषदेत एआय जन्मलं. — निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर

नाव त्या परिषदेसाठीच पडलं, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ती १९५६च्या उन्हाळ्यात झाली. पण तिथे येताना अ‍ॅलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन चालणारा प्रोग्रॅम घेऊनच आले होते, लॉजिक थिअरिस्ट, त्यात तिसरे क्लिफ शॉ. तुम्ही गणिताचे म्हणून हे आवडेल: व्हाइटहेड आणि रसेल यांच्या, गणित तर्कावर उभं करणाऱ्या प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातली पहिली ५२ प्रमेयं त्याला दिली, त्यातली ३८ त्याने सिद्ध केली. एकाची सिद्धता तर मूळ पुस्तकापेक्षा सुटसुटीत निघाली, आणि सायमननी ते रसेलना पत्राने कळवलंसुद्धा. मशीन तयार व्हायच्या आधी जानेवारी १९५६ मध्ये सायमननी बायको, मुलं आणि विद्यार्थी यांना जमवून प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं होतं, प्रत्येक जण प्रोग्रॅमचा एकेक भाग, आणि माणसांकरवी तो चालवून बघितला होता. मला ही गोष्ट फार आवडते, वर्गात मुलांना अशी उभी करून बघा.

पण अजून एक नाव हवं, हाओ वांग. हे तर्कशास्त्रज्ञ, त्यांनी १९५८च्या उन्हाळ्यात आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर प्रिन्सिपियाची असली २००च्या वर प्रमेयं सगळीच्या सगळी सिद्ध करून दाखवली, एकूण ३७ मिनिटं, त्यातला बहुतेक वेळ कार्डं वाचण्यात आणि छापण्यात गेला, खरं सिद्ध करायला ३ मिनिटं पण लागली नाहीत. फरक असा की न्यूवेल-सायमनना माणूस कसा अडखळत, अंदाज बांधत विचार करतो ते मशीनमध्ये उतरवायचं होतं, आणि वांगना फक्त सिद्धता हवी होती, म्हणून त्यांनी तर्कशास्त्रातली तयार पक्की रीत वापरली. दोघांच्या आकड्यांची तुलना करून एकाला कमी ठरवणं मला पटत नाही, दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधत होते.

प्रोलॉग ही लॉजिकवर चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतलीय, नातेवाइकांचं उदाहरण सगळीकडे असतं. माझा प्रोग्रॅम एक तर माणूस स्वतःचाच भाऊ आहे म्हणतो नाहीतर अडकून पडतो. नियम तर बरोबर वाटतात. — सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, पुणे

नातेवाइकांचं उदाहरण मराठीत करा, इंग्रजीतल्यापेक्षा कितीतरी छान होतं, कारण तिथे अंकल म्हटलं की मामा, काका, मावशीचा नवरा सगळे एकाच पोत्यात, आपल्याकडे प्रत्येकाचा वेगळा नियम. मामा म्हणजे आईचा भाऊ, म्हणून:

मामा(_म, _मूल) :- आई(_आ, _मूल), भाऊ(_म, _आ).

देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही म्हणून व्हेरिएबलच्या (कुणाचंही नाव बसेल अशा जागेच्या) आधी अंडरस्कोर द्यावा लागतो. मधली खूण 'असं तेव्हा, जेव्हा' अशी वाचा. तुमचा पहिला घोटाळा असा होतोय की भाऊ म्हणजे ज्यांची आई एक आणि जो पुरुष आहे तो, एवढंच तुम्ही सांगितलंय, मग विठ्ठलची आई आणि विठ्ठलची आई एकच ना! दोघं वेगळे असले पाहिजेत ही अट आपण कधी बोलूनच दाखवत नाही, ती घाला.

दुसरा घोटाळा पूर्वजाच्या नियमात असणार. 'पूर्वजाचा पालक तोही पूर्वज' हे लिहिताना उजव्या बाजूला पहिल्याच जागी पुन्हा पूर्वज लिहिलं असेल. तर्काच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही, पण प्रोलॉग वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जातं, पूर्वज शोधायला पूर्वज, तो शोधायला पुन्हा पूर्वज, खाली विहिरीत उतरल्यासारखं, शेवटी मेमरी संपते. आधी पालक लिहा, मग पूर्वज, आणि साधा नियम वर ठेवा. मी लॅबमध्ये शिकवायचो तेव्हा दरवर्षी निम्म्या मुलांना हे दोन्ही भेटायचे आणि मी मुद्दाम आधी सांगायचो नाही, कारण वाक्य खरं असणं वेगळं आणि मशीनने ते कुठल्या क्रमाने वापरणं वेगळं हे तिथेच कळतं.

ही भाषा १९७२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात अलँ कोलमेरोए आणि फिलिप रुसेल यांनी केली, हेतू होता फ्रेंच वाक्यं मशीनला समजावी, आणि तर्काची बाजू एडिंबराच्या रॉबर्ट कोवाल्स्कींची. रेझोल्यूशनच्या वाटा फार होतात म्हणून त्यांनी वाक्यांचा आकार बांधून घेतला, एका नियमातून एकच निष्कर्ष, त्यामुळे ते पळायला लागलं. १९८२ मध्ये जपानने पाचव्या पिढीचा कॉम्प्युटर म्हणून जो मोठा सरकारी प्रकल्प काढला तो याच विचारावर उभा होता.

अजून एक, तुम्हाला पुढे लागेल. प्रोलॉगचं 'नाही' म्हणजे 'मला सिद्ध करता आलं नाही'. एसटीच्या टाइमटेबलला हे चालतं, बोर्डावर नाही म्हणजे गाडी नाही. पण पेशंटच्या कागदावर अ‍ॅलर्जी लिहिलेली नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाहीच असं धरलं तर माणूस जाईल. कुठे काय धरायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं.

तर्क एवढा पक्का होता तर मग साध्या साध्या गोष्टी त्या मशीनला का समजल्या नाहीत? माझा या विषयाशी संबंध नाही, कुतूहल म्हणून विचारते. — गृहिणी, रत्नागिरी

सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलाय आणि उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. कुकर शेगडीवरून उचलून ओट्यावर ठेवला. काय बदललं? कुकरची जागा. आता जे बदललं नाही ते सांगा: फ्रीज तिथेच आहे, डब्यातलं मीठ तेवढंच, भिंतीचा रंग तोच, शेजारच्यांचं दार तसंच... संपतच नाही. आपण हे कधी मनातही आणत नाही. पण तर्काला न सांगितलेलं काहीच माहीत नसतं, त्यामुळे कुकर उचलल्यावर मीठ अजून डब्यात आहे हेही त्याला सिद्ध करता येत नाही! जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी १९६९ मध्ये याला फ्रेम प्रॉब्लेम असं नाव दिलं. हे मॅकार्थी तेच ज्यांनी १९५८ मध्ये सांगितलं होतं की मशीनला पायऱ्या लिहून देऊ नका, जगाबद्दलची खरी वाक्यं सांगा, तीच ठरवेल. त्यांचं उदाहरण होतं घरी टेबलाशी बसलेल्या माणसाने विमानतळावर कसं जायचं.

कॅलिफोर्नियात शेकी नावाचा चाकांवरचा रोबो होता, खोल्यांमधून ठोकळे ढकलायचा, त्याच्यासाठी रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी १९७१ मध्ये एक व्यवहारी तोडगा काढला. प्रत्येक कामाला तीन याद्या: काम करायला आधी काय हवं, केल्यावर कुठली वाक्यं खोडायची, कुठली नवी लिहायची. बाकी सगळं होतं तसं. प्लॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये ही रीत आजही दिसते, पण ठोकळ्यांच्या खोलीबाहेर जग एवढं शहाण्यासारखं वागत नाही.

दुसरी अडचण 'साधारणपणे' या शब्दाची. पक्षी उडतात. शेजारी पक्षी आहे, मग उडतो. पण तो पेंग्विन निघाला तर? आपण लगेच म्हणतो अरे हो, मग नाही. जुन्या तर्कशास्त्रात मात्र एकदा सिद्ध झालेलं नवीन माहिती आली तरी मागे घेता येत नाही. म्हणून १९८० मध्ये मॅकार्थी, रेमंड रायटर, आणि ड्रू मॅकडरमट व जॉन डॉयल यांनी निष्कर्ष मागे घेता येतील असे वेगवेगळे तर्क मांडले. माझ्या मते या लोकांची सगळ्यात मोठी कमाई इथे आहे. कॉमन सेन्स म्हणजे नक्की काय काय, हे त्यांनी सुटं करून लिहायला घेतलं आणि कुठे जमत नाही ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्याआधी एवढ्या बारकाईने ते कुणी लिहून बघितलं नव्हतं.

'संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा असं नासाने जाहीर केलं' हा मेसेज आमच्या ग्रुपवर दर महिन्याला येतो. खरं आहे का? — न्यू जर्सीहून एक मराठी वाचक

नाही, पण मुळाशी एक खरा आणि वाचण्यासारखा लेख आहे. रिक ब्रिग्ज हे नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संस्थेत काम करायचे, त्यांनी १९८५ मध्ये एआय मॅगझिनमध्ये तो लिहिला. नासाची घोषणा वगैरे नाही, आणि संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहिले असंही त्यात नाही. मुद्दा ज्ञान कसं मांडावं याचा होता: एआयवाले वाक्याचा अर्थ गाठी आणि रेषांच्या जाळ्यात मांडत होते, कोण करतो, कशाने, कुणासाठी, आणि संस्कृत वैयाकरण शेकडो वर्षं आधी वाक्याची फोड जवळपास तशीच करत होते, क्रिया मधे आणि तिच्याशी कर्ता, कर्म, करण जोडलेले. ब्रिग्ज यांनी यासाठी नागेशभट्टांचा आधार घेतलाय, आणि नागेशभट्ट काशीत राहिलेले मराठी पंडित. ग्रुपवर पुढच्या वेळी तो मेसेज आला की एवढं नक्की कळवा, कारण नागेशभट्टांचं नाव त्या मेसेजमध्ये मी एकदाही पाहिलेलं नाही.