मुंग्या सरकत गेल्या, की हात एकदम पडला?

प्रश्न : डॉक्टर, मी ३९ वर्षांची आहे. कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. अर्धशिशी कॉलेजपासूनची, पाळीच्या आगेमागे हमखास. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून घरी सगळे त्याला पित्तच म्हणतात.

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी उपास होता. चौथ्या तासाला फळ्यावर लिहिताना उजवीकडची अक्षरं दिसेनात. तिथे करवतीच्या दातांसारखी एक चमकती रेघ थरथरत होती. ती पसरत गेली आणि मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. त्या हळूहळू कोपरापर्यंत चढल्या, मग ओठाचा उजवा कोपरा आणि अर्धी जीभ. पहिल्या बाकावरच्या मुलीला ‘खडू दे’ म्हणायचं होतं, तोंडातून ‘खिडकी’ आलं. मुली हसल्या, मी घाबरले. अर्ध्या-पाऊण तासात हे ओसरलं आणि डावीकडचं डोकं फुटायला लागलं. सहकाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी मेंदूचा ‘मायनर अटॅक’ म्हणून रक्त पातळ होण्याची गोळी सुरू झाली. दुसरे डॉक्टर म्हणाले, अटॅक-बिटॅक काही नाही, मायग्रेन आहे, टेन्शन घेऊ नका.

फेब्रुवारीत पुन्हा झालं. या वेळी भाजी चिरताना सुरी हातातून गळून पडली आणि हात उचलताच येईना. तासाभराने सुटला. मायग्रेनच आहे म्हणून अंधारात पडून राहिले. वडिलांना ५२व्या वर्षी पक्षाघात झाला होता. पाळीला फार रक्त जातं म्हणून वर्षभर मी हार्मोनच्या गोळ्या घेते. धाकट्या बहिणीने तिच्या अर्धशिशीवरच्या सुमाट्रिप्टानच्या गोळ्या मला दिल्या आहेत, त्या घेऊ का? आणि पुढच्या वेळी पडून राहू, की पळू?
— एक वाचक, कराड

उत्तर : शिक्षिका आहात, म्हणून बाईच म्हणते. बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : हात पडला, तर पळायचं. ‘मायग्रेनच आहे’ असं कुणीही सांगितलेलं असो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही क्रम लिहिलात. आधी डोळे, मग बोटं, मग कोपर, मग ओठ. माझ्यासमोर बसलेले बहुतेक जण ‘एकदम झालं हो’ एवढंच सांगतात. मग मला विचारावं लागतं, एकदम म्हणजे लाइट गेल्यासारखं, की उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकते तसं?

हा सरकता प्रकार माझ्याही घरचाच आहे. निवासी डॉक्टर होते तेव्हा एका रात्रपाळीत केसपेपरवरची अर्धी ओळ नाहीशी झाली आणि तिच्या जागी चमचमती नागमोडी रेघ आली. डोळ्याचा पडदा सुटला असंच मला वाटलं. वीस मिनिटांनी डोकं ठणकायला लागलं तेव्हा कळलं, ही अर्धशिशीची वर्दी. वैद्यकात तिला ऑरा म्हणतात. कार्ल लॅश्ले नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हाच त्रास होता. दर थोड्या मिनिटांनी तो आपल्या नजरेतल्या डागाची कड कागदावर काढून ठेवायचा. १९४१ साली त्याने त्यावरून हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर या गतीने सरकत असलं पाहिजे. १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडिस लिआओंना सशांच्या मेंदूवर जवळजवळ त्याच गतीने जाणारी लाट सापडली. लाट पुढे जाते तसा मागचा भाग काही काळ मंद पडतो. मेंदूच्या नकाशात हाताची आणि ओठांची जागा शेजारी-शेजारी आहे, म्हणून तुमच्या मुंग्या कोपरावरून थेट ओठावर गेल्या. मार्गशीर्षातला तुमचा प्रसंग या चित्रात चपखल बसतो.

पक्षाघातात रक्तवाहिनी बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला सगळा भाग बहुधा एकाच वेळी गप्प होतो. चमचम नसते, नुसता अंधार असतो. हाताला मुंग्या येण्यापेक्षा हात जातो. पण हा फरक पुस्तकात जितका स्वच्छ दिसतो तितका घरात दिसत नाही. मेंदूत रक्तस्राव होत असेल तर लक्षणं मिनिटामिनिटाने वाढू शकतात. फिटही एका अंगावरून सरकते, फक्त ती सेकंदांत सरकते. आणि डोकं दुखतंय म्हणजे लकवा नाही, हे तर अजिबात खरं नाही.

ते मी स्वतः चूक करून शिकले आहे. एक पेशंट, पन्नाशीच्या आतला, अर्धशिशीचा जुना. सकाळी फोन आला : डोकं आणि मान दुखतेय, डावा हात बधिर वाटतोय. मी फोनवरच सांगितलं, नेहमीची गोळी घ्या, पडून राहा. दुपारी त्याला उचलून आणला. आदल्या दिवशी दाढी-कटिंग झाल्यावर त्याने सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेतली होती आणि मानेतल्या धमनीला आतून चीर गेली होती. त्याचा हात आजही पूर्ण आलेला नाही. त्यानंतर ‘बधिर’ हा शब्द मी कधी तसाच सोडत नाही. आपल्याकडे मुंग्या आल्या तरी बधिर म्हणतात, स्पर्श कळेना तरी बधिर, आणि हात लुळा पडला तरी बधिरच. मी विचारते, चहाचा कप उचलता येत होता का?

तुम्हाला सुरी धरता आली नाही, म्हणून फेब्रुवारीचा प्रसंग मला मार्गशीर्षातल्यापेक्षा जास्त टोचतो. अंग लुळं पाडणारी अर्धशिशी असते. ती दुर्मीळ आहे, काही घराण्यांत चालते आणि तिची काही जनुकंही सापडली आहेत. पण ती ठरवायची बाकी सगळं तपासून, सर्वांत शेवटी. वडिलांचा पक्षाघात स्कॅनवर दिसला होता का, आणि आत्या-काकांत कुणाचा हात डोकेदुखीबरोबर जाऊन परत आला होता का, हे घरी विचारून ठेवा.

दोन्ही फायली घेऊन याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट गाठा. दोघांपैकी कुठल्याच डॉक्टरांवर रागावू नका. सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे चटकन सांगतो. गुठळीचा ताजा पक्षाघात पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असं नाही, तो एमआरआयवर लवकर दिसतो. तुम्हाला मेंदूचा आणि रक्तवाहिन्यांचा एमआरआय, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, साखर, कोलेस्टेरॉल एवढं तरी लागेल. रक्त पातळ करणारी गोळी तोवर मनाने बंद करू नका.

बहिणीच्या गोळ्या बहिणीला परत करा. सुमाट्रिप्टान चांगलं औषध आहे, पण ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. ज्या अर्धशिशीत अंग लुळं पडतं तिच्यात, आणि पक्षाघाताची शंका असताना, ते घ्यायचं नसतं. मेडिकलमध्ये डोकेदुखीवर सहज मिळणाऱ्या अर्गोटामिन-कॅफिनच्या गोळ्यांनाही हेच लागू. हार्मोनच्या गोळ्यांचं पाकीट आजच वाचा. त्यात इस्ट्रोजेन असेल तर उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा, की मला ऑरा येतो. ऑरा असणाऱ्या बाईला इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात, कारण दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढवतात. जास्त रक्तस्रावावर गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनासारखे दुसरे मार्ग आहेत.

कधी पळायचं? तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय पडला, बोलणं अडखळलं किंवा नजर गेली आणि हे अचानक झालं, तर. चालताना एकदम तोल गेला आणि एकाची दोन माणसं दिसायला लागली, तर. वीज पडल्यासारखं मिनिटभरात आयुष्यातलं सर्वांत भयंकर डोकं दुखलं, तर. बाळंतिणीची डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत गेली किंवा तिला फिट आली, तर. यातलं काही दहा मिनिटांत आपोआप बरं झालं तरीही जायचंच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो आणि पहिले दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजायचे माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. झोपेतून उठताना हात पडलेला असेल, तर झोपायला गेल्याची वेळ धरतात. म्हणून १०८ला फोन करतानाच ती वेळ कागदावर लिहा. चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन तुमच्या जवळ कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालायचं नाही, गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनसुद्धा नाही, आत रक्तस्राव असेल तर घात होईल. तेल चोळण्यात आणि लकव्याचं झाडपाल्याचं औषध आणण्यात किती दुपारी गेलेल्या मी पाहिल्या आहेत!

नेहमीच्या डोकेदुखीचं थोडक्यात. पोट रिकामं ठेवू नका. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, माझी आईही गुरुवार धरायची, पण दूध-फळं वेळेवर घ्या आणि पाणी पीत राहा. उलटीनंतर बरं वाटतं ते पित्त पडलं म्हणून नव्हे. अर्धशिशीत पोटाची हालचालच मंदावते आणि उलटीनंतर झटका ओसरताना दिसतो. महिन्यात दहाहून जास्त दिवस गोळी लागत असेल तर गोळीच डोकं दुखवायला लागते. मग झटके रोखणारं रोजचं औषध डॉक्टरांना मागा.

आणि एक वही करा. तारीख, सुरुवात किती वाजता, कुठून कुठे सरकलं, कप उचलता आला का. वर्गातल्या मोठ्या मुलींनाही विश्वासात घ्या. बाईंनी खडूला खिडकी म्हटलं, तर आधी घड्याळ बघायचं आणि मग ऑफिसात पळायचं, एवढं त्यांना नक्की जमेल.