पोस्टर, शपथ, ट्रेनिंग सगळं होऊनही कामाच्या ठिकाणी सुरक्षितता कुणी मनावर का घेत नाही?

तुम्ही लिहिलंय की सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू होऊन सहा महिने झाले. मॅनेजर म्हणतात कामगार ऐकत नाहीत, कामगार म्हणतात साहेबांना फक्त प्रॉडक्शन हवं. मग सुरुवात कुठून करायची?

मी आधी बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो, नंतर सुरक्षा विभागात आलो. माझ्या मते आधी एकच गोष्ट बघा. तुमच्याकडे वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं?

हे मी फार महाग पडून शिकलो. मी शिफ्ट इन्चार्ज असताना एका रात्री कन्व्हेयर जाम झाला. फिटरनं अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि तेवढ्यात पॅनलवरून कुणीतरी बेल्ट चालू केला. हातमोजा आत गेला, हात वाचला. तो आणि त्याचा हेल्पर स्वतःहून माझ्याकडे सांगायला आले. मी पहिलं वाक्य काय बोललो, तर "कुलूप का नाही लावलंस?" तेही चढ्या आवाजात, चार लोकांसमोर. (दुरुस्ती चालू असताना मशीन कुणी सुरू करू नये म्हणून स्विचला लावायचं ते कुलूप.) तो मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर कितीतरी महिने माझ्या शिफ्टच्या नियर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, वहीत एकही नोंद आली नाही. मासिक बैठकीत मी ती कोरी वही अभिमानानं दाखवली. मग त्याच कन्व्हेयरवर दुसऱ्या एका फिटरची दोन बोटं गेली. चौकशीत कळलं की मधल्या काळात बेल्ट असा अचानक चालू होण्याचे प्रकार आणखी दोनदा झाले होते. सगळ्या शिफ्टला माहीत होतं, मला सोडून.

आणि कुलूप का लावलं नव्हतं? कुलपं स्टोअरमध्ये असायची आणि रात्री स्टोअर बंद. बेल्ट एका शिफ्टमध्ये तीन-चारदा अडकायचा. दहा मिनिटांपेक्षा जास्त मशीन थांबलं की कारण लेखी द्यावं लागायचं. कुलूप आणायला जाऊन येईपर्यंत पंधरा मिनिटं सहज जायची. म्हणजे नियम पाळणाऱ्याला जाब आणि मोडणाऱ्याला शाबासकी, अशी व्यवस्था आम्हीच लावून ठेवली होती. त्या फिटरला मी ओरडलो नसतो, नुसतं "कुणाला लागलं नाही ना? नक्की कसं झालं?" एवढं विचारलं असतं, तर हे त्याच रात्री कळलं असतं. ती दोन बोटं मी अजून विसरलेलो नाही.

नंतर प्रत्येक फिटरला स्वतःचं कुलूप दिलं, किल्ली त्याच्याच खिशात. कुलूप लावण्यात गेलेला वेळ स्टॉपेजमध्ये धरणं बंद केलं. शेवटी बेल्टच्या तोंडाशी असलेल्या च्यूटचा, म्हणजे माल घसरत जातो त्या पन्हाळीचा, आकार बदलला आणि जाम होणंच खूप कमी झालं. हे शेवटचं काम सगळ्यात उपयोगी ठरलं. हात घालायची वेळच येऊ नये हे आधी बघायचं, मग गार्ड आणि इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन आपोआप बंद करणारी सोय), मग नियम आणि ट्रेनिंग, आणि हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो, कारण हातमोजे वाटणं सोपं असतं.

विमान वाहतुकीत ही गोष्ट फार आधी ओळखली गेली. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या चुकांचा अहवाल थेट नासाकडे पाठवतात, दंड करणाऱ्या नियामकाकडे नाही. नाव गुप्त राहतं. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर साधारणपणे दंडही माफ होतो. माहिती हवी असेल तर सांगणाऱ्याला संरक्षण द्यावंच लागतं.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. मी एक कसोटी वापरतो: त्याच्या जागी तितकाच अनुभवी दुसरा माणूस असता, तर त्यानंही तेच केलं असतं का? उत्तर "हो" असेल तर दोष कामाच्या रचनेत शोधा. कुणी नशेत फोर्कलिफ्ट चालवत असेल तर मात्र कारवाई करा, आणि तो मॅनेजर असला तरी करा.

"इतके दिवस अपघातमुक्त" हा बोर्ड आणि त्यावर मिळणारी बक्षिसं यांबद्दल मी स्पष्टच सांगतो: बक्षिसं बंद करा. त्यांच्यामुळे जखमा लपतात, आणि मोठ्या धोक्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर वरिष्ठ अधिकारी आले होते. कामाचा दिवस बुडेल असा अपघात न होता सात वर्षं गेली, म्हणून कर्मचाऱ्यांचं कौतुकही झालं. त्याच रात्री स्फोट झाला आणि 11 जण गेले. जिना उतरताना कुणी घसरलं नाही, यावरून विहिरीतला दाब कळत नाही.

मॅनेजर मंडळींना वाईट समजू नका. वरून रोज जे विचारलं जातं, तेच ते खाली विचारतात. म्हणून प्लांट हेडना गाठा. रोजच्या सकाळच्या बैठकीत टनाच्या आकड्याआधी "काल कुणी काय धोका सांगितला आणि आपण त्याचं काय केलं?" हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला पाहिजे. आठवड्यातून एकदा फाइल न घेता फ्लोअरवर जाऊन "या कामात तुम्हाला कशाची भीती वाटते?" एवढंच विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. कंत्राटी कामगारांना आधी विचारा. सगळ्यात धोक्याची कामं बहुधा त्यांच्याकडे असतात आणि त्यांना विचारणारं कुणीच नसतं.

काम थांबवण्याचा हक्क हीसुद्धा कुणाची मेहेरबानी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात म्हटलंय की, जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणानं वाटून कामापासून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचे वाईट परिणाम भोगावे लागू नयेत. पण तुमच्याकडे हा हक्क खरा ठरतो तो एखाद्या हेल्परनं टार्गेटच्या दिवशी लाइन थांबवली आणि त्याची शंका चुकीची निघाली, तेव्हा. त्या वेळी सुपरवायझर काय बोलतो, हे सगळा फ्लोअर ऐकत असतो.

नियर मिसच्या वहीत "काय केलं" हा रकाना ठेवा आणि आठवड्याच्या आत तो भरा. करता येणार नसेल तर का नाही, ते सांगणाऱ्याला समोर जाऊन सांगा. आणि वरच्या लोकांना आजच कल्पना देऊन ठेवा की पहिल्या तीन-चार महिन्यांत नोंदी वाढतील, कारण इतके दिवस दबलेलं वर येईल. हे आधी सांगितलं नाहीत, तर तोच वाढलेला आकडा घेऊन ते सुपरवायझरांना जाब विचारतील आणि वही पुन्हा कोरी पडेल.