नोंदी एआयच्या हाती देताना

प्रश्न : एआयची मदत असलेलं नोंदींचं अ‍ॅप घेतलं. जुन्या सगळ्या फाइली त्यात टाकल्या, पण काही विचारलं की मोघम उत्तरं येतात. काय चुकतंय?

उत्तर : सगळं एकदम टाकलंत, तिथेच घोळ झाला असावा. अशी बरीच अ‍ॅप नोंदींचे तुकडे करतात आणि प्रश्नाशी जुळणारे मोजकेच तुकडे मॉडेलपुढे, म्हणजे उत्तर लिहिणाऱ्या एआयपुढे, ठेवतात. दुबार, अर्धवट मजकूर भरपूर असला की तोच वर येतो. एकच विषय घ्या, २०-२५ नोंदी पुरेत. एका नोंदीत एकच मुद्दा. ‘मीटिंग २’ हे शीर्षक निरुपयोगी. ‘पंप बदलण्याचा निर्णय, मार्च २०२५’ असं लिहा. ‘त्यांनी नकार दिला’ हे वाक्य सुटं पडलं की ‘त्यांनी’ म्हणजे कोण, हे मॉडेलला कळायला मार्ग नाही. तिथे नावच हवं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये बहुधा नुसतं चित्र असतं, म्हणून आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) करा आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. उत्तरासोबत दिलेली मूळ नोंद उघडून पाहाच. सारांशात एखादा ‘नाही’ गळला तरी अर्थ उलटतो.

पासवर्ड मात्र यात अजिबात नकोत. ऑब्सिडियन हे नोंदींचं अ‍ॅप नोंदी तुमच्याच यंत्रावर मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलींत ठेवतं, तरी त्याला जोडलेलं एआय प्लगइन (जोड-प्रोग्राम) मजकूर बाहेर पाठवू शकतं. सेटिंग तपासा.