नव्या कोंबड्या अंडी कधी देतील?

आणून चार दिवस झाले नि अंडं नाही, म्हणून विकणाऱ्याला बोल लावू नका. जागा बदलली की अंड्यावरची कोंबडीही दोन-तीन आठवडे थांबते. झाबुआची कडकनाथ असेल तर सहा महिन्यांचं वय धरूनच चाला. तिचा तुरा काळपट-जांभळा, इतर कोंबड्यांसारखा तो लालभडक व्हायची वाट पाहू नका. पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून खाली दबली, की अंडं जवळ आलं समजा. तेव्हा लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) सुरू करा, रोज साधारण 100 ग्रॅम; शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. उरलेले पोहे-शेव (इंदुरात हे व्हायचंच!) घालत बसलात तर कवच पातळ येईल. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा, अंड्यांसाठी तेवढा उजेड पुरत नाही; म्हणून पहाटे दिवा लावून उजेड 14 तासांवर न्या.