घरच्या बागेत एकच फुलझाड लावायचं असेल तर कोणतं लावावं?

गुलबक्षी.

तुम्ही लिहिलंय की जागा एका वाफ्यापुरती आहे, घरातले दोघंही नोकरी करता, बागकामाचा अनुभव नाही, आणि गुलाब, मोगरा, जास्वंद यांच्यात मन अडकलंय. तिन्ही फुलं सुंदर आहेत, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण झाड निवडताना आपण रंग बघतो, वास बघतो, ऊन-पाण्याचा हिशेब करतो आणि एक गोष्ट विचारायची राहूनच जाते: हे फूल उमलतं कधी, आणि त्या वेळी मी घरी असते का?

माझ्याकडे आधी जास्वंद होती. खांद्याला लागेल एवढी वाढलेली, बहरात रोज चार-पाच फुलं देणारी. सकाळी मी घाईत बाहेर पडायचे तेव्हा कळ्या नुकत्या उलगडत असायच्या. संध्याकाळी परत यायचे तेव्हा तीच फुलं मिटून, पीळ पडून खाली पडलेली. साध्या जास्वंदीचं फूल बहुधा एका दिवसाचं असतं, आणि तो दिवस नेमका मी घराबाहेर काढत होते. तीन वर्षं मी त्या झाडाला पाणी घातलं, त्याच्या फांद्यांवरचा पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढला, आणि फुललेलं झाड डोळे भरून पाहिलं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. याचं मला खरंच वाईट वाटायचं.

गुलबक्षी उन्हं कलली की उमलते. इंग्रजीत तिला ‘फोर ओ’क्लॉक’ म्हणतात ते त्यामुळेच, पण ठोक्याला चार वाजता काही ती उघडत नाही. उजेड किती उतरला आणि हवा किती निवली यावर तिची वेळ ठरते. कडक उन्हाळ्यात सहासुद्धा वाजतात, ढगाळ दिवशी बरीच आधी उघडते. मग रात्रभर उघडी राहते आणि सकाळी ऊन तापायला लागलं की मिटते. आभाळ भरून आलेलं असेल तर आणखी काही तास टिकते. म्हणजे दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला ही संध्याकाळीही भेटते आणि सकाळी निघतानाही.

एखाद्या संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसाच. कळी लांबट असते, छत्री मिटवून गुंडाळावी तशी पिळात गुंडाळलेली. आधी पीळ सैल होतो. टोकाला बारीक भोक दिसतं. मग कडा एकेक करून बाहेर वळतात आणि कर्ण्यासारखं सपाट तोंड उघडतं, पाच ठिकाणी किंचित खाच असलेलं. त्यातून पाच पुंकेसर बाहेर येतात आणि त्यांच्याहून जरा लांब एक बारीक दांडी, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी गाठ. ती दांडी म्हणजे कुक्षिवृंत, गाठ म्हणजे कुक्षी, जिच्यावर पराग पडले की बी धरतं. शेजारच्या दहा कळ्यांचं हेच चाललेलं असतं, पण कुणी पुढे, कुणी मागे. अंधार पडेपर्यंत सगळं झाड उघडलेलं असतं.

वास त्यानंतर कळतो. मंद आणि गोडसर, संत्र्याच्या फुलाच्या जवळ जाणारा. त्यातला मुख्य घटक ओसिमीन नावाचं बाष्पशील द्रव्य आहे आणि झाड ते बहुतांशी संध्याकाळच्या काही तासांतच हवेत सोडतं. दुपारी फुलाला नाक लावून ‘याला वास नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ते चुकीच्या वेळी आलेले असतात. हा वास आहे तो लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. फुलाची नळी चांगली दोन-तीन सेंटिमीटर लांब असते आणि मध तळाशी, तिथवर पोचायला तशीच सोंड लागते.

पतंग आलाच नाही तरी काम अडत नाही. सकाळी मिटताना हे फूल आपले पुंकेसर आणि कुक्षिवृंत आत गुंडाळून घेतं, आणि त्या गुंडाळीत परागकोश कुक्षीला टेकतात. स्वतःचे पराग स्वतःलाच. एखादं मिटलेलं फूल नखाने उभं चिरून पाहा, आत ही गुरफटलेली गाठ दिसेल. म्हणून गुलबक्षीला बिया धरल्या नाहीत असं माझ्या बघण्यात नाही.

आणि ज्याला आपण पाकळ्या म्हणतोय त्या पाकळ्या नाहीतच. गुलबक्षीला पाकळ्या नसतात. रंगीत कर्णा म्हणजे तिची निदलं, इतर फुलांत पाकळ्यांखाली हिरवी असतात ती, आणि खाली जे हिरवं, निदलांसारखं दिसतं ती छदं, म्हणजे पानांचंच एक रूप. बोगनवेल हिच्याच कुळातली, तिथे छदंच रंग घेतात आणि खरं फूल मध्ये बारीकसं पांढरं असतं. फूल म्हणून डोळ्यांत भरतं ते काहीतरी वेगळंच निघतं, ही या कुळाची खोडच दिसते.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘एकच’ या शब्दाकडे येते, कारण गुलबक्षी निवडण्याचं माझं दुसरं मोठं कारण त्यात आहे. मराठीत गुलबक्षी हे रंगाचंही नाव असल्यामुळे पुष्कळांना वाटतं की हे फूल त्या एका झगझगीत किरमिजी-गुलाबी रंगातच येतं. प्रत्यक्षात पांढरं येतं, पिवळं येतं, लाल, फिकट गुलाबी, नारिंगी येतं. आणि एकाच झाडावर, कधी एकाच फुलात दोन रंग येतात: अर्धं पिवळं अर्धं गुलबक्षी, किंवा पिवळ्यावर रंगाचा ब्रश झटकल्यासारखे शिंतोडे. झाडाच्या जनुकांमध्ये काही तुकडे जागा बदलणारे असतात. फूल घडत असताना असा तुकडा एखाद्या पेशीत रंगाच्या जनुकातून निघून गेला की त्या पेशीपासून पुढे वाढलेला तेवढा पट्टा वेगळ्या रंगाचा होतो. लवकर निघाला तर रुंद पट्टा, उशिरा निघाला तर बारीक ठिपका. माझ्याकडच्या पिवळ्या झाडावर दोन फुलं सारखी अशी मला अजून सापडलेली नाहीत. माझी मुलगी रोज संध्याकाळी ‘आजचं सगळ्यात वेगळं’ शोधते आणि मला हाक मारते. मी हातातलं काम टाकून जाते.

हिचे रंग बनतातही निराळ्या द्रव्यांपासून. बहुतेक लाल-निळ्या फुलांत अँथोसायनिन असतं, गुलबक्षीत मात्र बीटालेन असतात, बिटाला रंग देणारा गट तोच. जी झाडं बीटालेन बनवतात ती अँथोसायनिन बनवत नाहीत. यातले पिवळे बीटालेन निळ्या प्रकाशात हिरवट चकाकतात, आणि जिथे किरमिजी द्रव्य असतं तिथे ही चकाकी शोषली जाते, असं 2005 साली संशोधकांनी गुलबक्षीच्याच फुलांवर दाखवलं. आपल्याला साध्या डोळ्यांनी हे दिसत नाही. तरी ठिपक्यांची पिवळी फुलं संधिप्रकाशात इतकी उठून का दिसतात, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

कॉलेजात जीवशास्त्र शिकला असाल तर गुलबक्षी तुम्हाला ‘अपूर्ण प्रभाविता’ या धड्यात भेटली असेल. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम 1900 साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांपैकी एक, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स, यांनी हिच्यावर पुष्कळ काम केलं. लाल आणि पांढऱ्या झाडाचा संकर केला तर पुढची पिढी सगळी गुलाबी येते, आणि त्या गुलाबी झाडांच्या बियांतून एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं या प्रमाणात झाडं मिळतात. त्याच कोरेन्स यांनी 1909 मध्ये चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची गुलबक्षी घेऊन आणखी एक गोष्ट दाखवली: हिरव्या फांदीवरच्या बीपासून हिरवंच रोप येतं, पराग कोणत्याही फांदीवरचे असोत. पानातलं हरितद्रव्य ज्या हरितलवकांत असतं ती या झाडात आईकडून येतात, बापाकडून नाही. असं झाड आपल्या दाराशी उभं असावं, याचं मला फार अप्रूप आहे.

लावणं सोपं आहे. बी काळं, सुरकुतलेलं, काळ्या मिरीसारखं दिसतं. रात्रभर पाण्यात भिजवा, बोटाच्या पेराच्या निम्म्या खोलीवर पेरा, हवा उबदार असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत जाड, गोलसर बीजपत्रं वर येतात. दोन झाडांत हात-दीड हात अंतर ठेवा, कारण झाड कमरेपर्यंत वाढतं आणि रुंदीलाही तेवढंच पसरतं. पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांत फुलं सुरू होतात. निदान पाच तास ऊन मिळू द्या. सावलीत झाड जगतं, पण उंच, लुळं होतं, आणि हिच्या फांद्या सांध्याशी ठिसूळ असल्यामुळे वाऱ्याने पटकन मोडतात. खत बेताने घाला. नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळं कुजतात, बाकी पाण्याची थोडी ओढ ती निमूट सोसते.

कुंडीत लावणार असाल तर कुंडी खोल घ्या, एक फूट तरी. कारण जमिनीखाली मुळ्यासारखं जाड मूळ पोसलं जातं. हे मला उशिरा कळलं. पहिल्या वर्षी थंडीत झाड पिवळं पडलं, फांद्या सांध्यांशी सुटून गळून पडल्या, आणि मी ते मेलं असं समजून कुंडी रिकामी करायला घेतली. खुरपं काहीतरी टणक वस्तूला लागलं. माती बाजूला केली तर हाताच्या मनगटाएवढं, काळपट सालीचं मूळ, जिथे खुरपं लागलं तिथे आतून पांढरंशुभ्र, ओलं. मी ते तसंच परत गाडलं आणि हात धुतले. हवा तापल्यावर त्याच्या माथ्यावर लालसर कोंब आले आणि त्या वर्षी झाड पहिल्यापेक्षा दुप्पट भरलं. जिथे जमीन गोठते तिथे हेच मूळ खणून, कोरड्या जागी ठेवून, थंडी सरल्यावर परत लावतात.

दोन गोष्टी मात्र लावण्याआधी माहीत हव्यात. पहिली गंभीर आहे: बी आणि मूळ दोन्ही विषारी असतात, पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. बी मिरीसारखं दिसतं आणि पिकल्यावर हिरव्या छदांच्या वाटीत उघडं बसलेलं असतं, लहान मुलाच्या हाताला सहज लागेल असं. तोंडात सगळं घालण्याच्या वयाचं मूल घरात असेल, किंवा मुळं उकरणारा कुत्रा असेल, तर काही वर्षं थांबा. त्या घरात मी स्वतः गुलबक्षी लावणार नाही. दुसरी गोष्ट पसरण्याची. पडलेल्या बिया जिथे पडतात तिथे उगवतात, आणि काही प्रदेशांत ही रानात शिरून तण झालेली आहे. बिया पिकत असताना दर दोन दिवसांनी वेचल्या तर वाफ्याबाहेर जात नाही. कोवळी रोपं लगेच उपटता येतात, मूळ पोसल्यावर मात्र खणावं लागतं.

फुलदाणीसाठी फुलं हवी असतील तर ही उपयोगाची नाही, तोडलेलं फूल सकाळपर्यंत मावळतं. तुमचं बागेत बसणं सकाळी होत असेल तर जास्वंद किंवा गोकर्ण बघा. भर दुपारी घरी असाल तर चिनी गुलाब, त्याला कडक ऊनच लागतं. मोगरा तुमच्या मनात आहेच, आणि तोही संध्याकाळी उमलतो. पण त्याला बहरासाठी वेळेवर छाटणी लागते, कळी पोखरणाऱ्या अळीवर लक्ष ठेवावं लागतं. पहिलंच झाड म्हणून मी तो सुचवणार नाही, दुसरं म्हणून जरूर. गुलाबाला याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

बिया मिळाल्या की एकाच रंगाच्या झाडावरच्या घेऊ नका, निदान दोन-तीन झाडांवरच्या मिसळून घ्या. आणि एका खड्ड्यात दोन-तीन रोपं आली तर अशक्त दिसणारं लगेच उपटू नका. थोडं बाजूला हलवून लावा आणि पहिलं फूल येईपर्यंत थांबा. मी दुसऱ्या वर्षी असंच एक मरतुकडं रोप काढून टाकणार होते, मुलीने हट्टाने भिंतीकडेला लावून ठेवलं. ते शिंतोड्यांचं पिवळं झाड म्हणजे तेच.