चॅलेंज कपची फायनल पहिल्यांदा बघताय?

चॅलेंज कप म्हणजे रग्बी लीगची इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा. रग्बी लीग नवीन असेल तर चेंडूच्या मागे डोळे फिरवू नका, टॅकल मोजा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला किती वेळा धरून अडवलं ते. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल, जसे षटकात सहा चेंडू. सहावा झाला की चेंडू समोरच्यांचा. म्हणूनच पाचव्यानंतर बहुतेकदा उंच किक येते. तेव्हा कडेच्या विंगरकडे बघा, खरी झटापट तिथेच होते.

सुरुवात लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या २०२३ च्या फायनलने करा: ली लेपर्ड्स विरुद्ध हल केआर. ऐंशी मिनिटांनंतर १६-१६. मग गोल्डन पॉइंट, म्हणजे जो आधी गुण घेईल तो जिंकला. इथे खेळाचा हिशोबच बदलतो. ट्रायला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, चार गुण असले तरी त्यासाठी कोणी जीव काढत नाही. गोलपोस्टसमोर जागा मिळवायची आणि एका गुणाचा ड्रॉप गोल मारायचा, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच पोस्टमधून किक करायची. लीच्या लॅकलन लॅमने तो मारला, १७-१६, आणि लीकडे १९७१ नंतर प्रथमच कप आला. त्याआधीचे टॅकल पुन्हा लावून बघा. सगळी धडपड त्याला मोकळी जागा देण्यासाठी आहे.

मग जमलं तर १९६८ ची. मैदानात पाणी साचलेलं. वेकफील्डने शेवटच्या क्षणी ट्राय केली, लीड्स ११, वेकफील्ड १०. ट्रायनंतर मिळणारी दोन गुणांची किक वेकफील्डच्या डॉन फॉक्सकडे, पोस्टच्या अगदी समोरून; गेली असती तर सामना त्यांचा, आणि ती बाहेर गेली. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड त्याचीच झाली होती. मला आजही ती किक बघवत नाही, तुम्ही मात्र जरूर बघा.