तवा, विळी आणि नीटचे मार्क

प्रश्न : मी कागल तालुक्यातला शेतकरी. दोन वर्षांपूर्वी मंडळींच्या डोक्यातली डाव्या बाजूची गाठ मुंबईत ऑपरेशन करून काढली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण तेव्हापासून तिला बोलताना शब्द सापडत नाहीत. बारावी सायन्सला असलेली लेक रोज संध्याकाळी तवा, विळी, पळी पुढ्यात मांडून आईला नावं विचारते. नुसतं ‘हे काय?’ म्हटलं तर आई गप्प. ‘भाकरी भाजायचा त...’ म्हटलं की ‘तवा’ येतं. आरती मात्र सगळी म्हणते. लेकीला मेंदूची सर्जन व्हायचंय. सराव परीक्षेत नीटला ७२० पैकी ३५० च्या आसपास मार्क पडतात. वर्षभर गॅप घ्यावा का? भावकी म्हणते, नर्सिंगला घाल आणि मोकळा हो.

उत्तर : नमस्कार. मार्कांचं नंतर बघू, आधी त्या तव्याचं बोलू.

लेकीला हे कुणी शिकवलं? पहिला आवाज देऊन थांबायचं, वाक्य अर्ध्यावर सोडायचं, ही वाचा-उपचार करणाऱ्यांची, म्हणजे स्पीच थेरपिस्टची, रोजची पद्धत आहे. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथं गाठीचा दाब आला किंवा ऑपरेशनचा धक्का बसला की वस्तू ओळखता येते, नाव तेवढं ओठावर येत नाही. याला अफेझिया म्हणतात. आरती, वारांची नावं, एक ते दहा आकडे असं घोकून बसलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. तुमच्या पोरीनं हे पुस्तक न उघडता हेरलं. सर्जन गाठ काढून पुढच्या पेशंटकडे जातो, त्याला जावंच लागतं. तुमची लेक दोन वर्षं एकाच तव्यापाशी बसलीय. मला तरी तिचा कल तिथं दिसतो.

या कामाची पदवी म्हणजे बीएएसएलपी, वाचा आणि श्रवण या दोन्हींची. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालयाचं महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि म्हैसूरची १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, एवढी नावं आधी तपासा. महाराष्ट्रात या प्रवेशाला नीटचेच मार्क धरले जातात, म्हणजे आताचा अभ्यास वाया जात नाही. म्हैसूरची प्रवेशाची सूचना वेगळी वाचा.

पदवीत बोलण्याबरोबर ऐकणंही येतं. एकाच कानानं हळूहळू कमी ऐकू यायला लागलं तर ते कधी कधी कानाच्या नसेवरच्या गाठीचं लक्षण असतं, आणि पहिली शंका अनेकदा श्रवण तपासणाऱ्यालाच येते. गिळताना ठसका लागणाऱ्याला पाणी किती घट्ट करून पाजायचं, हेही हेच लोक ठरवतात. काही ऑपरेशनांत पेशंटला जागं ठेवून चित्रांची नावं विचारत गाठ काढतात, भाषेची जागा दुखावू नये म्हणून. मोठ्या केंद्रांत त्या टेबलापाशी नावं विचारायला असा तज्ज्ञ उभा असतो. लेकीला हे जरूर सांगा.

पण एक कडू गोष्ट. कोल्हापुरात बसून नुसत्या मेंदूच्या गाठीच्या पेशंटवर प्रॅक्टिस चालणार नाही. लकवा झालेले आणि उशिरा बोलायला लागणारी मुलं, यांच्यावरच घर चालतं. सरकारी जागाही मोजक्याच.

आता गॅप. सर्जन व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमएस, म्हणजे सर्जरीची पदव्युत्तर पदवी, तीन, आणि त्यापुढची मेंदूच्या सर्जरीची एमसीएच तीन. मध्ये एकही वर्ष न गमावता तिशी येते. ३५० वर सरकारी एमबीबीएस मला दिसत नाही. खरंच हौस असेल तर एक वर्ष द्या, दुसरं नको. आणि तिला एकटीला बसवून विचारा : तुला सर्जन व्हायचंय की आई बरी व्हायला हवीय? दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

भावकीला माझ्याकडून एवढंच सांगा, नर्सिंग ‘घालून मोकळं व्हायचं’ काम नाही. मणक्याच्या गाठीच्या पेशंटला कूस बदलायला तीन-चार जण लागतात. डोकं, खांदे, कंबर ओंडक्यासारखं एकदम वळवायचं, कारण मणका पिळला तर आहे ती ताकदही जाऊ शकते. बीएस्सी नर्सिंगनंतर मेंदू-मज्जासंस्थेच्या नर्सिंगची एक वर्षाची पदविका असते. तिची आवड असेल तर उत्तम, पण भावकीच्या सोयीसाठी नको.

पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही : बाईंना आजवर कुठल्या थेरपिस्टला दाखवलंय का? दोन वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं समजू नका, नंतरही फरक पडतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट बरोबर ठेवा. आणि त्या दिवशी लेकीला बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत घ्या.